आवाजाचा ठावठिकाणा

आमच्या बांद्याच्या घरी रेडिओ आला तो १९५५ सालच्या वैशाखात, बैलगाडीतून, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून. आणि त्याच्यामागून त्याच्याहूनही जड असा कोरड्या बॅटरीचा एक ठोकळा, कौलांवरून ताणायची जाळीची एरिअल, जमिनीत पुरायचा वीतभर लांबरुंद तांब्याचा पत्रा आणि वर्षभराचा परवाना करून देणारे पोस्टाचे एक पुस्तक अशी त्याची सारी वरात उंबरा ओलांडून आत आली. गावात वीज यायची होती. तांब्याचा पत्रा परसात, जास्वंदीपासून दोन हातांवर खड्डा खणून, खाली कोळसा आणि मीठ पसरून पुरला गेला आणि त्याला जोडलेली तार खिडकीतून आबांच्या खुर्चीमागे आली. आमच्याकडची जमीन जांभ्याची. वैशाखात ती अशी भाजून निघते की तिच्यातून विजेला वाट मिळत नाही, आणि मग रेडिओवर माणसाच्या आवाजाऐवजी नुसती खरखर ऐकू येते. म्हणून रोज तिन्हीसांजेला त्या पुरलेल्या पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतणे हे घरातल्या सर्वांत लहान पोराचे, म्हणजे माझे काम ठरले. आबा माजघरातून ओरडत, "रेडिओक पाणी घातलंस काय रे?" आणि तुळशीला पाणी घालणारी आजी तिकडून पुटपुटे की, देवाला विचारणारा कोणी नाही, पेटीला मात्र नेमाने विचारतात.

त्या पेटीत दिवसाउजेडी स्पष्ट ऐकू येणारे केंद्र एकच होते आणि ते परमुलुखातले होते. रात्र पडली म्हणजे मुंबई येई, कधी दिल्ली येई, समुद्रापलीकडचे अनोळखी बोलणारेही येत; कारण सूर्य मावळल्यावर आकाशातले जे उंच विद्युतभारित थर मध्यम लहरींना परत जमिनीकडे लोटतात, त्यांचे ते काम दिवसा खालच्या थराच्या शोषणामुळे होत नाही. दिवसा या लहरी जमिनीच्या अंगाअंगाने सरपटत जातात, डोंगर आणि कोरडी माती त्यांना खात जाते, ओले शेत आणि खारे पाणी मात्र त्यांना पुढे नेते. पणजी आमच्यापासून पन्नास किलोमीटरांच्या आत, आणि मधल्या मुलुखात खाड्याच खाड्या; त्यामुळे पणजीचा निवेदक पोर्तुगीजमध्ये बोलू लागला की तो शेजारच्या पडवीत बसला आहे असे वाटे. त्याच्या भाषेतले आम्हांला अक्षर कळत नसे. परंतु त्याच्या मागून येणारी ती रडवेली, गिटारीच्या साथीची गाणी, मधूनच कोंकणी, आणि मधूनच, ज्याची घरातील थोरले वाट पाहत असत, ते हिंदी चित्रपटांतले संगीत!

या शेवटच्या लाभाचे श्रेय एका पुणेकराला द्यावे लागते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पॅरिसला विद्या संपादन केलेले, शास्त्रीय संगीतावर निस्सीम निष्ठा असलेले गृहस्थ १९५२ साली नभोवाणीखात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीते ही अभिरुचीला लागलेली कीड आहे अशा खात्रीने त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. कीड हद्दीपलीकडे गेली, एवढेच. सिलोनने ती सन्मानाने ठेवून घेतली, आणि पोर्तुगिजांच्या गोव्यानेही आपल्या परीने आसरा दिला. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारने आपलीच चूक मुकाट्याने सुधारली. परंतु तोवर आमच्या गावातील तरुण मंडळी स्वदेशाभिमान आणि लता मंगेशकर यांच्या ओढाताणीत चांगलीच सापडली होती. पोर्तुगालच्या सालाझारच्या अंमलाला शिव्या द्यायच्या आणि त्याच्याच रेडिओचा काटा हलवू द्यायचा नाही, असा तो विचित्र काळ होता.

पण त्याआधी १९५५ चा तो पंधरा ऑगस्ट आला. गोव्याच्या मुक्तीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून सत्याग्रही बांद्यात जमले होते. पावसाची झड लागलेली, ओट्याओट्यावर माणसे, चुलींवर भाताची मोठाली तपेली. सकाळी ती माणसे रांगेने पत्रादेवीच्या नाक्याकडे चालत गेली आणि दुपारपासून झोळ्यांतून परत येऊ लागली. हद्दीच्या निरनिराळ्या नाक्यांवर त्या दिवशी वीसाहून अधिक नि:शस्त्र माणसे पोर्तुगीज गोळ्यांनी पडली. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबातला कर्नेलसिंग हा तरुण होता. मी सात वर्षांचा होतो. त्या संध्याकाळी रेडिओला पाणी घालण्यास मला कोणी सांगितले नाही, आणि पुढे कित्येक दिवस आबांनी पणजी लावली नाही. नाक्यावरचा रस्ता बंद झाला, रेल्वे बंद झाली, टपाल बंद झाले. हिंदुस्थान सरकारने गोव्याची नाकेबंदी पुकारली आणि ज्या मुलुखात आमच्या आत्या नांदत होत्या तो मुलूख एकाएकी विलायतेइतका दूर गेला.

आणि त्याच वर्षी, कार्तिकात, काटा फिरवता फिरवता आबांचा हात थांबला. एक नवा आवाज कोंकणीतून बोलत होता. तो बाईचा होता की पुरुषाचा हे आता आठवत नाही, कारण नंतर दोघांचेही आवाज इतक्यांदा ऐकले की पहिला कोणता हे स्मृतीला निवडता येत नाही. आठवते ते हे की आबांनी उठून दार लोटून घेतले. वास्तविक घर हिंदुस्थानच्या हद्दीत होते आणि दार लोटण्याचे काही कारण नव्हते. तो आवाज गोव्याच्या सुटकेविषयी बोलत होता. आत्यांच्या गावी हे ऐकताना दारे लोटलेली असणार, हे आबांच्या मनात आले असावे.

"खंयसून बोलतंत?" असे मी विचारले. कुठून बोलतात? ओट्यावर या प्रश्नाची अनेक उत्तरे होती. कोणी बेळगाव म्हणे, कोणी मुंबई, कोणी छातीठोकपणे सांगे की एक जहाज आहे आणि ते वेंगुर्ल्याच्या बाऱ्यापुढे रात्री दिवे मालवून उभे असते. आबा काही बोलले नाहीत. रेडिओ बंद करताना बॅटरीची तार काढून ठेवीत ते एवढेच म्हणाले की, आवाज ऐकावा, पत्ता विचारू नये.

हा पत्ता शोधायला मी घरातून निघालो तो सत्तर वर्षांनंतर, गेल्या मार्गशीर्षात, एक पिशवी, एक गळपट्टा आणि खिशात मावणारा एक जुना ट्रांझिस्टर घेऊन. निमित्त वर्तमानपत्रातील एका वार्तेचे होते. २०२५ च्या पद्मपुरस्कारांत लिबिया लोबो सरदेसाई हे नाव आले. त्या वेळी त्यांनी वयाची शंभरी गाठली होती. ते नाव मी पुस्तकांतून पूर्वी वाचलेले होते, पण छायाचित्रातला तो वृद्ध, हसरा चेहरा पाहिला आणि आमच्या माजघरातली ती संध्याकाळ अंगावर आली. सत्तर वर्षे आपल्याला ठाऊक असलेला आवाज असा एका चेहऱ्यात प्रथमच दिसावा, हे मला थोडे लाजिरवाणेच वाटले. तेव्हा, चेहरा उशिरा का होईना पाहिला. आता जागा पाहावी, असे ठरवले.

त्या जागा दोन आहेत असे कळले होते: आंबोलीचे रान आणि कॅसलरॉकचे रान. सावंतवाडीहून दाणोली मागे टाकून मोटार आंबोलीच्या घाटाला लागली, तसा कोकणचा उबारा एकेका वळणाला सुटत गेला. सह्याद्रीच्या कड्यावर बसलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस जिथे पडतो त्या मोजक्या ठिकाणांत त्याची गणना होते. मी गेलो तेव्हा पाऊस नव्हता, धुकेही सकाळी नऊनंतर उतरले. परंतु झाडांच्या खोडांवर वाळलेले शेवाळ हाताला लागे आणि त्यावरून आषाढात इथे काय असते याची कल्पना येई. जळवा, साप, रात्रंदिवस टपटपणारे पाणी, वाळत नाहीत असे कपडे आणि बुरशी धरणारे कागद! माणसाचे काय ते असो, कोणतेही विद्युत्‌यंत्र जपण्यास याहून प्रतिकूल स्थळ शोधूनही सापडले नसते.

आणि यंत्र साधे नव्हते. त्याची कुळकथा मला फार मोहक वाटते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली ही पोर्तुगिजांची दोन ठाणी स्वयंसेवकांनी मुक्त केली, तेव्हा हाती लागलेल्या सामानात बिनतारी यंत्रे होती; त्यांतूनच पुढे हे प्रक्षेपक जुळवण्यात आले आणि एका ट्रकवर चढवले गेले. म्हणजे पोर्तुगीज दप्तरात ज्या यंत्राची नोंद सरकारी मालमत्ता म्हणून असेल, तेच यंत्र पुढली सहा वर्षे त्याच सरकारची झोप उडवीत होते. नगरहवेलीच्या त्या मोहिमेत सुधीर फडके होते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण त्यानंतर वर्षभराच्या आत, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवरून त्यांच्या संगीताने नटलेले माडगूळकरांचे गीतरामायण छप्पन्न गाण्यांनी घरोघरी गेले आणि ते चालू असतानाच, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, हे रानातले केंद्र बोलू लागले, हा योग माझ्या तरी लक्षात या प्रवासापर्यंत आला नव्हता. आमच्या बांद्याला पुणे लागत नसे. त्यामुळे त्या एका वर्षात देशाने जे ऐकले ते आम्ही ऐकले नाही. आम्ही दुसरेच काही ऐकत होतो.

केंद्राचे नाव पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबरदाद' आणि कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. चालवणारे आरंभी तिघे होते: वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस, पुढे मुख्य भार पहिल्या दोघांवर राहिला. लिबियाबाईंची पूर्वपीठिका या कामास विलक्षण अनुरूप होती. महायुद्धाच्या काळात मुंबईच्या सेन्सॉर कचेरीत त्या इटालियन युद्धकैद्यांची पत्रे वाचण्याच्या कामावर होत्या, आणि मुंबई आकाशवाणीच्या ग्रंथालयातही त्यांनी नोकरी केली होती. दुसऱ्यांचे शब्द तपासणे आणि दुसऱ्यांचे शब्द जपून ठेवणे अशा दोन्ही खात्यांतून गेलेली ती मुंबईची सुशिक्षित तरुणी रानात राहायला आली. लिस्बनहून येणाऱ्या प्रत्येक घोषणेचा प्रतिवाद करायचा, नाकेबंदी कशासाठी आहे ते सांगायचे, आफ्रिकेतील वसाहती कशा एकेक मोकळ्या होत आहेत ते ऐकवायचे. आणि १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला तेव्हा त्याचे वर्तमान गोव्यात ठाणे धरून बसलेल्या पोर्तुगीज शिपायाच्या कानावर त्याच्याच भाषेत घालायचे. या शेवटच्या कामाचे मोल मला सर्वांत मोठे वाटते. कोंकणी भाषण हे आपल्या माणसाला धीर देण्यासाठी असते. पण शत्रूशी त्याच्या मातृभाषेत, शिवी न देता, रोज बोलायचे, यासाठी निराळीच तपश्चर्या लागते.

आंबोलीत मी चहाच्या टपरीवर बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांना विचारले, तर त्यांनी प्रथम धबधब्याकडे बोट दाखवले, कारण इथे येणारा माणूस धबधबाच विचारतो. मी रेडिओचे सांगितले. "तो ट्रक?" ते म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प राहून त्यांनी चहाचा पेला हातात फिरवला. "माझो बापूस सांगी. पण बापाशीनय बघूक नाय. तेचो आवाज आयकलेलो, तो सावंतवाडीक." मग त्यांनी हाताचा पंजा पसरून पूर्वेपासून दक्षिणेपर्यंतचे सारे रान मला दाखवले. डोक्यावरच्या रानातून निघालेला आवाज ऐकायला घाट उतरून वाडीला जावे लागावे, हे ऐकून मला हसू आले. पण आंबोलीत तेव्हा रेडिओ कोणाच्या घरी असणार?

आंबोलीहून चंदगडच्या बाजूने बेळगाव, बेळगावहून लोंढा, आणि लोंढ्याहून आगगाडीने कॅसलरॉक असा पुढचा मार्ग होता. एक गोष्ट सहज सांगतो. केंद्र सुरू झाले त्या दिवशी आंबोली आणि कॅसलरॉक ही दोन्ही स्थळे एकाच मुंबई राज्यात होती. पुढल्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि कारवार जिल्हा, त्याबरोबर कॅसलरॉक, म्हैसूरकडे गेला. ज्यांना गोव्याची हद्द पुसायची होती त्यांच्या पायाखालून आणखी एक हद्द अशी मुकाट्याने सरकून गेली, आणि तिच्यावरून बेळगावात जे रण माजले ते आजही शमलेले नाही.

कॅसलरॉकचे स्थानक म्हणजे रानाच्या कुशीत ठेवलेली एक जुनी कचेरी. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि त्यातून मुरगावच्या बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग झाला. घाटावर इंग्रजांचे शेवटचे स्थानक कॅसलरॉक आणि घाटाखाली पोर्तुगिजांचे पहिले कुळें. दोन्हीकडे जकातीची दप्तरे होती. उतारूंच्या पेट्या उघडल्या जात, गाठोडी हुंगली जात, आणि माझ्या आत्यांच्या पिढीतील बायका या तपासणीच्या ज्या कथा सांगत त्यांत फेणीची बाटली, रेशमी लुगडे आणि कारकुनाची लालसा ही तीन पात्रे हटकून असत. आज फलाटावर शुकशुकाट होता. एक कुत्रे, एक चहावाला, दूरवर रुळांची डागडुजी करणारी टोळी आणि चारही बाजूंनी अंगावर येणारे रान. जकात नाही, कारण हद्द नाही. हद्द नाही, म्हणून घाईही नाही.

इथे मला ट्रांझिस्टरची आठवण झाली. ज्या रानातून तो आवाज निघाला त्या रानात बसून निदान कोणता तरी आवाज ऐकावा, अशी माझी बालिश इच्छा होती. मी बाकावर बसून तो बाहेर काढला आणि मागची पाटी सरकवली, तर सेल आतल्या आत पाझरून पितळी पट्ट्यांवर हिरवट मीठ जमलेले! दोष सर्वस्वी माझा. निघण्यापूर्वी पाहायला हवे होते. चहावाल्याने रॉकेलचा बोळा आणि पोलिश पेपरचा एक तुकडा दिला, आम्ही दोघांनी मिळून पट्ट्या घासल्या, पण सेल काही त्याच्याकडे नव्हते. "मोबाइलवर लागतंय की सगळं," तो सीमाभागातल्या आपल्या खणखणीत मराठीत म्हणाला. लागते, हे खरे. पण मोबाइलवर लागणाऱ्या आवाजात खरखर नसते. मध्यम काय किंवा लघू काय, त्या जुन्या लहरींवर आवाज चढवला जातो तो लहरीची उंची कमीजास्त करून. आणि आभाळात वीज कडाडली की तीही त्याच उंचीत आपली भर घालते, म्हणून बोलणाऱ्याच्या वाक्यात मधेच वळवाचा पाऊस शिरे. आबा त्या खरखरीवरून सांगत की आज दोडामार्गाकडे पडतोय. पडतही असे.

घाट उतरणारी गाडी दुपारी मिळाली. कॅसलरॉक ते कुळें हा उतार सदतिसास एक असा तीव्र आहे, आणि चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर लावण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. उतरताना मात्र सारा प्रश्न आवरण्याचा असतो, आणि गाडी पायाखाली पाहून चालणाऱ्या म्हातारीसारखी एकेक बोगदा ओलांडीत जाते. दूधसागरपाशी पुलावरून जाताना डब्यातले सगळे एका बाजूला झाले. मार्गशीर्षात त्या धबधब्याचा पसारा आटलेला असतो, पण उंची आटत नाही. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी एकटा बसून खालचे रान पाहत होतो. या घाटात १९५५ पासून उतारूंची गाडी धावत नव्हती. माणूस, टपाल, तांदूळ, कापड, काहीच घाट उतरत नव्हते. फक्त आवाज उतरत होता. तो कोणत्या झाडाखालून निघाला हे कळण्याचा आता काही मार्ग नाही, आणि ट्रकच्या चाकोऱ्यांवर सत्तर पावसाळे पडून गेले आहेत, हे मी तिथे मनोमन कबूल करून टाकले.

पणजीत मात्र पत्ता स्पष्ट आहे. फोंतेन्यासच्या पिवळ्या-निळ्या घरांमागून जांभ्याच्या पायऱ्या आल्तिनोच्या टेकडीवर चढतात. माझ्या वयाला त्या पायऱ्या म्हणजे तीन विश्रांतींचा मामला. तिसऱ्या विश्रांतीला खाली मांडवी दिसू लागते. वर बिशपांचा वाडा आहे, जुन्या पोर्तुगीज अंमलदारांची ऐसपैस घरे आहेत, आणि आकाशवाणीचे केंद्र आहे. 'एमिसोरा द गोवा' या नावाने पोर्तुगिजांनी १९४६ साली नभोवाणी सुरू केली, तिचाच हा वारसा. मी आत जाण्याचा यत्न केला नाही. फाटकासमोरच्या कठड्यावर पिंपळाच्या सावलीत बसलो आणि ज्या आवाजाचे अक्षरही न कळता ज्याच्या नावाने मी लहानपणी तांबे तांबे पाणी ओतले, त्याच्या घराकडे बराच वेळ पाहत राहिलो. राग आला नाही. आश्चर्य मात्र वाटले की हे इतके जवळ होते. मांडवीच्या पलीकडे बारदेश, बारदेशापलीकडे पेडणे, आणि पेडण्याच्या डोंगरापलीकडे आमची जास्वंद.

इथला निवेदक आणि रानातली ती दोघे यांची गाठ कधी पडली नाही, पण सहा वर्षे ते एकमेकांना ऐकत होते. ऐकल्यावाचून उत्तर देता येत नाही. माझ्या कल्पनेला हा संबंध फार विलक्षण वाटतो. एकाच्या पाठीशी टेकडी, इमारत, पगारपत्रक आणि साम्राज्य. दुसऱ्याच्या पाठीशी ट्रक. आणि दोघेही अवलंबून होते कोणावर, तर ज्याच्या त्याच्या घरी काटा फिरवणाऱ्या एका अनोळखी हातावर.

१९६१ च्या डिसेंबरात रानातल्या केंद्राने गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांना उद्देशून, रक्तपात टाळावा आणि शरण यावे, असे आवाहन प्रक्षेपित केले. लिस्बनचे फर्मान नेमके उलट होते. अखेरच्या माणसापर्यंत लढावे, असे. १८ डिसेंबरच्या सकाळी भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि हंटर जातीच्या सहा विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र तोफा व रॉकेटे डागून निकामी केले. किनाऱ्यावरचे बिनतारी संदेशवहन असे तुटल्यावर लिस्बनशी बोलण्यासाठी मुरगावच्या बंदरातली आफोन्सो द आल्बुकर्क ही युद्धनौका तेवढी उरली, आणि तीही त्याच दिवशी भारतीय नौदलाच्या माऱ्याखाली सापडली. ज्याचा आवाज बंद पडला त्याचा अंमल बंद पडायला दुसऱ्या दिवसाची रात्र पडावी लागली, एवढाच अवकाश. १९ डिसेंबरला रात्री साडेआठच्या सुमारास, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात, गव्हर्नरांनी शरणपत्रावर सही केली.

त्याच दिवशी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो विमानातून गोव्यावर फिरले. विमानाला ध्वनिक्षेपक लावलेला होता. गोवा मुक्त झाल्याचे वर्तमान त्यांनी पोर्तुगीज आणि कोंकणीतून वरून सांगितले, आणि पत्रके टाकली. आकाशवाणी हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्याचा अर्थ बोथट झाला. परंतु देवकीच्या वरातीत कंसाने जी ऐकली तिच्यानंतर, अक्षरश: आकाशातून, राज्य बुडाल्याचे सांगणारी वाणी गोव्याने त्या दिवशी ऐकली असेल. कठड्यावर बसून मी आल्तिनोवरचे आभाळ पाहिले. दाबोळीला उतरणारे एक प्रवासी विमान तिरके होऊन समुद्राकडे वळत होते. त्या दोघांनी पुढे तीन वर्षांनी, १९ डिसेंबरलाच, विवाह केला. वामनराव पुढे अंगोलात भारताचे राजदूत झाले. ज्या अंगोलाच्या बातम्या त्यांनी रानातून वाचल्या, त्या अंगोलात! लिबियाबाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. रानात सहा वर्षे लपून काढल्यावर लोकांना गोवा दाखवण्याचे काम मिळावे, यात दैवाचा काही विनोद असावा.

टेकडीवरचे केंद्र १९६२ च्या आरंभी आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले. आमच्या घरी आबांनी रेडिओचा काटा पुन्हा जुन्या जागी नेला आणि यावेळी दार उघडे ठेवले. त्या केंद्रावर बा. भ. बोरकर होते, पुण्याच्या केंद्रातून ते आपल्या मुक्त झालेल्या भूमीत परत आले आणि १९७० पर्यंत या नोकरीत राहिले. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषा ज्याच्या तोंडी सारख्याच गोड, असा कवी त्या काळी त्या केंद्रावर असणे हे गोव्याचे भाग्यच म्हणायचे, कारण बाहेर या दोन भाषांवरून भावाभावांत अबोला धरला जात होता. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्न. आम्ही अर्थात विलीनीकरणवाले. निकाल रेडिओवर ऐकण्यासाठी ओट्यावर गर्दी झाली आणि चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आत्याकडे जायला आता परवाना लागत नाही, बाकी काय. तेव्हा मला हे बोलणे पराभव झाकणारे वाटले होते. आज आल्तिनोवर बसल्यावर वाटले की आबांनी हिशेब बरोबर मांडला होता.

संध्याकाळी पणजीच्या माळा वस्तीतल्या एका दुकानात सेल मिळाले. ते घालून ट्रांझिस्टर कानाशी धरला, तर तो नुसता हिस्स करीत राहिला. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला तरी हिस्स. पट्ट्या आम्ही नीट घासल्या नसाव्यात.

दुसऱ्या दिवशी पत्रादेवीवरून बसने बांद्याला आलो. नाक्यावर हुतात्म्यांच्या स्मारकापाशी बस थांबली नाही, मी खिडकीतूनच हात जोडले. जुन्या घरात आता माझा चुलतभाऊ राहतो. चहा झाल्यावर मी परसात गेलो. जास्वंद म्हातारी होऊन आडवी पसरली आहे, खड्ड्याची जागा तिच्याखाली गेली आहे. खिडकीच्या चौकटीत तार ओवलेले भोक मात्र तसेच, सिमेंटने अर्धवट बुजवलेले. मी काठीने माती उकरू लागलो तसा भाऊ मागून आला.

"काय शोधतंस?"

"रेडिओचो पत्रो."

तो हसला आणि तुळशीकडे गेला. "तो कधीच काढलंय, परवाने बंद झाले तेव्हाच. तांबटाकडे मोडीत घातलंय, वर थोडे पैशे दिलंय, आणि ह्यो घेतलंय," असे म्हणत त्याने वृंदावनाच्या कट्ट्यावरचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला. तो अर्धा भरलेला होता. तिन्हीसांज झाली होती, आणि तुळशीला अजून पाणी घालायचे होते.